चौदा हजार किलोमीटरची फियाट

स्वारगेटहून सांगलीची एष्टी सकाळी सहाला सुटली आणि कात्रजचा बोगदा यायच्या आत मंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, स्कूटरचा विषय काढला.

ही स्कूटर मी फार वर्षांपूर्वी ‘फक्त आठ हजार चाललेली’ म्हणून घेतली होती. ते आठ हजार खरेच होते. त्याआधीचे साठ हजार कुणीतरी मीटर मागे फिरवून पुसले होते, एवढंच! निवृत्त झाल्यावर मला जुन्या फियाटचं वेड लागलं, तेव्हापासून ती स्कूटर रोज जेवणात मिठासारखी वाढली जाते.

“ही आपण बघायला चाललेली सातवी फियाट,” मंदा म्हणाली. “हिच्यात खोट निघाली तर पुन्हा घरात फियाटचं नाव काढायचं नाही. कबूल?”

“कबूल,” म्हणालो. पिशवीत बॅटरी, भिंग आणि जुना शर्ट घेतला होता. या खेपेला फसायचं नाही, हे ठरलेलं होतं.

शिरवळला गाडी थांबली तेव्हा गरम वडापावनं जीभ पोळून घेतली. साताऱ्याच्या स्टँडवर मंदानं खाली उतरून अर्धा किलो कंदी पेढे आणले.

“अगं, गाडी अजून पाहिली नाही आणि पेढे?”

“नाही जमलं तर मी एकटी खाईन.”

कऱ्हाड मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना ऊस लागला. पेठ नाक्याला हायवे सोडल्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोर आले आणि आमची एष्टी त्यांच्यामागे गोगलगाय झाली. आष्ट्याला उतरून वडापात (दहाच्या जागी अठरा माणसं कोंबणारी जीप) बसलो. माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची पेंढी आली.

“कुणाकडं जायाचं, पाव्हणं?” ड्रायव्हरनं विचारलं.

“सुभेदारांकडे. त्यांची फियाट बघायला.”

जीपमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “म्हंजी आबा गाडी इकाय लागलं? लय वंगाळ झालं.”

मला काही कळेना. एका जुन्या फियाटसाठी अख्ख्या जीपनं सुतक का धरावं?

सुभेदार दारातच उभे होते. ऐंशीच्या पुढचे, ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र. डोळे अधू झाले म्हणून गाडी विकत होते. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये त्यांनी ताडपत्री ओढली आणि माझे डोळे लकाकले. दुधाळ रंगाची, चाळीस वर्षांची, पण काय देखणी!

“चौदा हजार तीनशे चाललीया,” ते म्हणाले. “मीटरला हात लावलेला न्हाई. बघा तुमी.”

मी शर्ट बदलून कामाला लागलो. मीटरचे स्क्रू भिंगातून पाहिले, एकावरही ओरखडा नाही. आकडे एका ओळीत. ड्रायव्हरचं दार दोन बोटांनी लागत होतं. मी शीळच घालणार होतो, तेवढ्यात बॅटरीचा झोत पायाशी गेला. क्लचच्या पेडलचं रबर झिजून तुळतुळीत! मागे पाहिलं तर सीट बसलेली, मागचं डावं दार लोंबलेलं. घाईनं उठताना डोकं दाणकन स्टिअरिंगवर आपटलं आणि माझा पारा चढला.

“सुभेदारसाहेब, चौदा हजारांत क्लच असा झिजत नाही. ही गाडी वडापाला चाललीय, खरं की नाही?”

सुभेदार लालबुंद झाले. “अठ्ठावीस वर्सं फौजेत काढली. आता खोटं बोलून गाडी इकू व्हय?” आणि तडक घरात निघून गेले.

मी निघायला पिशवी उचलली, तर त्यांची बायको आडवी आली. सारं गाव त्यांना काकी म्हणतं.

“आवं, जेवून जावा. रागावलं म्हणून उपाशी धाडत न्हाई आमी कुणाला.”

ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). सुभेदार मान वर न करता जेवत होते. तोंडाला आग लागली होती, पण जीव जळत होता तो वेगळ्याच कारणानं. मंदा कानाशी कुजबुजली, “हा माणूस खोटं बोलणारा वाटत नाही हो. परत बघा.”

हात धुऊन परत शेडमध्ये गेलो. क्लच तुळतुळीत, पण शेजारचं अॅक्सिलरेटरचं रबर? त्याच्यावरची एकेक रेघ नव्यासारखी! भाड्याची गाडी असती तर दोन्ही झिजली असती. मग दिवसभर क्लच दाबायचा आणि गाडी पळवायची नाही, असा धंदा तरी कुठला? मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली. हाताला पिवळे तांदूळ लागले आणि मुंडावळीचे चार मोती.

“मंदे!” मी ओरडलो. “ही वरातीची गाडी आहे!”

“मग वो!” काकी हसत आल्या. “गावातली एक वरात ह्यांनी सोडली न्हाई. मारुतीच्या देवळापासनं नवऱ्याच्या दारापत्तूर. म्होरं पोरं नाचत्यात, मागं गाडी मुंगीच्या पावलानं. अर्ध्या किलोमीटरला तीन-तीन तास!”

चाळीस वर्षं हाफ क्लचवर! सुभेदार दारात उभे होते. “तुमी मीटर इचारला,” ते म्हणाले. “वराती कुठं इचारल्या?”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. “चुकलो. माफ करा.”

“शक घ्यायाच पायजे. फौजेत बी तेच शिकवत्यात,” ते म्हणाले आणि मिशीत हसले.

तोवर बातमी फुटून अंगणात गर्दी झाली होती. पन्नाशीची एक बाई बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, “आमच्या वस्तीतली पयली वरात गाडीतनं निघाली ती माजी. चावडीवरनं जायाला आमाला मनाई हुती. आबांनी नेली, ताठ मानेनं.” तिचे डोळे भरले होते.

मंदा सहज बोलून गेली, “आमचं रजिस्टर लग्न. वरात नव्हतीच.” पस्तीस वर्षांत हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला लाज वाटली.

“आगं बया!” काकींनी गालावर हात मारला. “मग बसा की मागं!”

“अहो, पण सुभेदारांचे डोळे...”

“मुंगीच्या पावलाला डोळं कशाला लागत्यात?” सुभेदार म्हणाले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

कुणीतरी हलगी आणली. देवळापासून वेशीपर्यंत आमची वरात निघाली. पुढे अख्खं गाव नाचतंय, खिडकीतून अक्षता येताहेत, साठी उलटलेला मी आणि पदर सावरत हसणारी मंदा. मीही रडलो, सांगायला कसली चोरी!

वेशीवर सुभेदारांनी गाडी थांबवली. सौदा तिथंच पक्का झाला, आणि स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवून त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

“म्होरं आता तुमी,” ते म्हणाले. “चौथा गिअर हिला लय ठावं न्हाई. जरा दावा.”

हायवेला लागल्यावर मी चौथा गिअर टाकला. फियाट आधी कुरकुरली आणि मग अशी सुसाट सुटली की मंदानं खिडकीची काच खाली करून आरोळी ठोकली. साताऱ्यापर्यंत मी मनाशी हिशोब करत होतो: सहा गाड्यांचे मीटर तपासले, पण एकाही मालकाला मी गाडीतून कुठे गेलात म्हणून विचारलं नव्हतं.

साडेआठला सोसायटीच्या फाटकात पोचलो. शेजारचे आमच्याच वयाचे गृहस्थ चपला अडकवून धावत आले आणि आधी काचेतून मीटरच बघायला लागले.

“चौदा हजार? खरा आहे का हो?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंदानं डोक्यातल्या अक्षता झटकत पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढे धरला.

“घ्या,” ती म्हणाली. “आज आमची वरात निघाली.”