उशीखालची चकती

माझ्या मोठ्या मावशीने तीस वर्षं धाकट्या मावशीचे कान होऊन काढली. धाकटीचं ऐकणं विशीतल्या तापात गेलं. तेव्हापासून दारावरची थाप, फोन, शेजारणीची हाक, सगळं मोठीने ऐकायचं आणि ओठ सावकाश हलवून किंवा खुणांनी धाकटीला सांगायचं. सकाळी उठवायचं तर ती धाकटीच्या पलंगाला गुडघ्याने दोन धक्के द्यायची. लग्नं दोघींनीही केली नाहीत. मोठी घरात कपडे शिवायची, धाकटी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला जायची. माझी आई या दोघींच्या मधली. ती म्हणायची, "धाकटीचे कान कोणी भरू शकत नाही, एक ताई सोडली तर."

एका सुट्टीच्या दुपारी मोठी गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेली आणि इस्त्री चालूच राहिली. परत येऊन दार उघडलं तर पुढच्या खोलीत धूर कोंडलेला, टेबलावरचा कोट अर्धा जळालेला, आणि आतल्या खोलीत धाकटी गाढ झोपलेली. थोडक्यात निभावलं. पण मोठीला दोन दिवस घास गेला नाही.

तिसऱ्या दिवशी ती दुकानातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा धुराचा अलार्म घेऊन आली. छताला लावला आणि बटण दाबलं. वरच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून धावत खाली आली. धाकटी खिडकीपाशी मटार सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

हे तिने कारखान्यात सांगितलं ते कटिंगवाल्यांना. हे कागद कापायच्या मशीनवरचे एक गृहस्थ. मशीनपायी त्यांचेही कान गेलेले. संध्याकाळी धाकटी त्यांनी लिहून दिलेला एक कागद घेऊन घरी आली.

"नुसता आवाज मोठा असून भागत नाही, ताई. असला किरटा आवाज आपल्याला पोचतच नाही. थोडं ऐकू येणाऱ्याला जाड, घुमणारा आवाज चालतो. माझ्यासारखीला जागेपणी लखलखणारा दिवा आणि झोपेत उशीखाली थरथरणारी चकती. वीज गेली तरी चालायला हवं, म्हणून बॅटरीसुद्धा."

"आपल्याला म्हणजे कोणाला?" मोठीने विचारलं.

"मला आणि कटिंगवाल्यांना."

तोवर त्या घरात 'आपण' म्हणजे दोघी बहिणी. मोठीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

रविवारी कटिंगवाले स्वतः सगळं बसवायला आले. धाकटी डोळे मिटून पलंगावर आडवी झाली. दिवा लखलखला, पण तिचं तोंड भिंतीकडे होतं, तिला कळलं नाही. मग चकती थरथरली आणि ती ताडकन उठून बसली. दोघंही हसत सुटली आणि हातांनी भराभर बोलायला लागली. त्यातली एकही खूण मोठीला कळेना. तीस वर्षांत दोघींनी मिळून ज्या खुणा केल्या होत्या, त्यांत यांतली एकही नव्हती; या कारखान्यात शिकलेल्या. मोठी चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चकतीचा प्लग काढून ठेवला, बॅटरीही काढली.

कटिंगवाल्यांनी आठवड्यातून एकदा बटण दाबून बघायला सांगितलं होतं. पुढच्या रविवारी धाकटीने दाबलं. उशी हलली नाही.

"प्लग कोणी काढला?"

"इस्त्रीला हवा होता."

"इस्त्री पुढच्या खोलीत असते."

"मी आहे ना उठवायला. इतकी वर्षं कोण उठवत होतं?"

"आणि त्या दुपारी?"

मोठी पलंगाच्या कडेला बसली. धाकटीला बोलल्याचं वाईट वाटलं असावं, ती शेजारी टेकली. मोठी भिंतीकडे बघून काहीतरी पुटपुटली.

"तोंड इकडे करून सांग," धाकटी म्हणाली.

असं बोलणं एकदा निसटून जातं, पण मोठीला ते दुसऱ्यांदा, समोर बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणावं लागलं. "तुमचं ते हातांनी बोलणं मला बघवत नाही. जळते मी."

"कळलं होतं मला," धाकटी म्हणाली. "बहिरी आहे, आंधळी नाही." मग तिने उठून बॅटरी घातली, प्लग लावला आणि पुन्हा बटण दाबून बघितलं.

त्या महिन्यात मोठी मावशी पहिल्यांदाच आमच्याकडे चार दिवस राहायला आली. चारही दिवस तिच्या तोंडी कटिंगवालेच होते: चहा किती गोड पितात, खुर्ची कशी ओढतात. आईने शेवटी विचारलं, "मग घरात येऊ कशाला देतेस?"

"मी त्यांच्याकडून खुणा शिकतेय," ती म्हणाली. "या दोघांनी माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलावं आणि मला कळू नये, हे चालायचं नाही."