ताक्कोची जीभ

ताक्कोच्या जिभेला हाड नाही, असं तिची सासू लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आली होती. नवरा बुरेमा लोखंड घडवायचा, ताक्को मडकी घडवायची. दुएन्झा शहराजवळच्या त्या गावात लोहाराघरच्या बायका मातीकामच करतात. बाजारात कुणी फुलानी जमातीतला गुराखी मडकं ठोकून बघायला लागला की ती ओरडायची, "अरे, गाय नाही ती, थोपटतोस काय!" फुलानी आणि लोहार यांच्यात दीर-भावजयीसारखं थट्टेचं नातं. एकमेकांना हव्या तेवढ्या शिव्या द्यायच्या, पण रक्त सांडायचं नाही. फुलानी हसायचा आणि एखादं मडकं जास्तच घेऊन जायचा.

धर्माच्या नावावर लढणारे बंडखोर पहिल्यांदा आले तेव्हा शाळेला टाळं लागलं आणि हे हसणंही बंद झालं. मग फ्रेंचांची विमानं आली आणि बंडखोर पळाले. गावाने ढोल बडवले. ताक्कोने सक्तीचा काळा बुरखा भट्टीत घातला आणि त्याच जाळावर मडकी भाजली. सुटलो एकदाचे, असं सगळ्यांनाच वाटलं. कसलं सुटणं! विमानं उत्तरेला गेली, सरकारी शिपाई शहरात बसून राहिले, आणि दोन वर्षांत तीच माणसं मोटारसायकलींवर परतली. आता त्यांच्यात आसपासच्या वाड्यांतली ओळखीची तोंडंही होती. शाळेला पुन्हा टाळं लागलं.

ताक्कोची दोन्ही मुलं त्याच शाळेत होती. गावाने हिंमत करून शाळा उघडायचं ठरवलं, आणि बुरेमाने दाराला नवी कडी बसवून दिली. दुसऱ्याच दिवशी त्याला उचलून नेलं. तीन दिवस काही पत्ता नाही. अशी नेलेली सगळीच माणसं परत आली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी ताक्कोने शेजारणीकडून बुरखा मागून आणला. सासू म्हणाली, "रड, पाय धर, काय वाटेल ते कर. पण सूनबाई, ती जीभ तेवढी आवर गं."

बाभळीच्या रानातल्या बंडखोरांच्या तळावर, चटईवर त्यांचा म्होरक्या हम्बारके चहा पीत बसला होता. फुलानी, पन्नाशीचा, पूर्वी गुरांचा व्यापारी. ताक्कोने वाटभर घोकलेली विनवणी मनात जुळवली.

"लोहाराची बायको ना तू?" तो म्हणाला. "तीन दिवस समजावतोय तुझ्या नवऱ्याला. डोक्यात काही शिरतच नाही."

"शिरेल कसं? जन्मभर गाईंशी बोललात, आता माणसांपुढेही हंबरताय!"

शब्द निघून गेले होते. असली थट्टा या लोकांनी मशिदीत जाहीर करून बंद केली होती. हम्बारकेच्या बाजूच्या माणसाने बंदूक उचलली. तो दूरदेशचा होता, त्याला ना फुलानी माहीत ना लोहार. बुरेमाला मीच मारलं, असं ताक्कोला वाटलं.

हम्बारकेने फेट्याचं टोक तोंडावर ओढलं. त्याचे खांदे हलायला लागले. आधी तो खोकला वाटला. मग त्याला आवरेचना, चहा सांडेपर्यंत तो हसला.

"काळतोंडे! आमचे गुलाम तुम्ही, आणि तोंड बघा केवढं!" डोळे पुसत तो म्हणाला. "घेऊन जा त्या खादाडाला. तीन दिवसांत आमची आठवड्याची बाजरी फस्त केली त्याने."

"बाजरीच खाणार ना! दूध वासरांच्या आधी तुम्हीच संपवलं असेल!"

"जा म्हणतो ना!" हम्बारकेचं हसू थांबलं. "आणि ऐक. पुन्हा शाळेच्या दाराला हात लावला, तर मला हसू येणार नाही."

बुरेमा मागच्या झोपडीतून बाहेर आला. मनगटं सोललेली, पण स्वतःच्या पायांनी चालत. तेव्हा कुठे ताक्कोचा जीव भांड्यात पडला. रान संपेपर्यंत दोघं भराभर चालत राहिली.

"काय म्हणालीस त्याला?" रस्त्याला लागल्यावर बुरेमाने विचारलं.

"गाईसारखे हंबरताय, म्हणाले."

तो थबकला. "म्हणून हसत होता तो! आणि नसता हसला तर?"

ताक्को धुळीत मटकन बसली, रडली, रडता रडता हसायला लागली. बुरेमाही शेजारी बसला आणि हसता हसता त्याने तिचा हात घट्ट धरला.

"तुमच्या आईला सांगू नका," ती म्हणाली.

तिच्या मुलांची शाळा ज्याने बंद पाडली त्या माणसाला ताक्कोने त्या दुपारी मनापासून दुवा दिली, आणि त्याची तिला आजही लाज वाटत नाही.