बाणाशेजारचं नाव

सोनगीरचे नाना भांड्यांवर नावं कोरतात. पण माझ्यासारखे दोन-चार शौकीन त्यांच्याकडे जातात ते जुन्या युद्धांतल्या बंदुकांच्या दुर्बिणी ओळखून घ्यायला. नाना दुर्बिणीतून कधी बघत नाहीत. डोळे मिटून शिक्क्यावरून अंगठ्याचं नख फिरवतात आणि निकाल देतात. गरुड लागला की जर्मन, बाण लागला की इंग्रज. त्यावर अपील नाही.

परवा भंगारात मिळालेली दुर्बीण त्यांच्या हाती दिली.

"हाऊ बाण इंग्रज सरकारना शे," नाना म्हणाले.

पुण्याचा एक संग्राहक अशीच दुर्बीण शोधत होता. मी आनंदाने त्याला फोन करायला बाहेर गेलो. परतलो तर बाणाशेजारी माझं नाव, वडिलांचं नाव आणि मु. पो. नशिराबाद ठसठशीत कोरलेलं.

"नाना, हे काय केलंत?"

"बिगर नावनी वस्तू दवडाई जास, भाऊ."

संग्राहकाने नाद सोडला, म्हणजे दुर्बीण आता खरंच कुठे जात नाही. माझ्यामागे ती एखाद्या जाणकाराच्या हाती लागली, तर तो डोळे मिटून सांगेल, ही नशिराबादच्या फौजेची.