दुभाषीबाईंचे ‘आपण’

“वन्संना चुकीचं ऐकू आलं, की त्यांना तेच ऐकायचं होतं?” दुभाषीबाईंच्या भावजयीने मला विचारले.

युद्धकाळात पंतप्रधान आणि दोस्त राष्ट्राचे अध्यक्ष भेटत, तेव्हा दोन खुर्च्यांच्या मध्ये, किंचित मागे, बाईंचे स्टूल असे. पाठ टेकायची सवयच मोडल्यामुळे घरीही त्या भिंतीपासून चार बोटे दूर बसत. दोघा नेत्यांचे फारसे पटत नसे. पण भांडण दाराच्या आत ठेवायचे आणि बाहेर एकाच तोंडाने बोलायचे, हे त्यांनी कसोशीने पाळले. त्यात बाईंचा वाटा मोठा. एकदा अध्यक्ष टेबलावर मूठ आपटत बराच वेळ बोलले. बाईंनी सांगितले, “त्यांना काळजी वाटते.”

“एवढी आदळआपट करून एवढंच?”

“बाकीचं आपल्या कामाचं नव्हतं, साहेब.”

पंतप्रधान हसले. का ते न कळताच अध्यक्षही हसले.

पुढे नदीवरच्या पुलापाशी दोन्ही सैन्ये अडकली. बाईंचा धाकटा भाऊ ढब्बू तिथेच होता. अंधार पडण्यापूर्वी मागे हटायचे, असे अध्यक्षांनी बैठकीत सांगितले. त्यांच्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंना एकच शब्द आहे. नेमके कोण हटणार, हे विचारणे आवश्यक होते. परंतु “माझ्यावर विश्वास नाही का?” असे म्हणत अध्यक्ष त्याच सकाळी उठून निघाले होते, त्यांना कसेबसे बसवले होते. बाई म्हणाल्या, “आपण अंधारापूर्वी मागे हटू.”

“आपण? म्हणजे दोघंही?” पंतप्रधानांना हायसे वाटले. ते आपल्या सेनापतीकडे वळले. “मग त्यांनी खूण केली की आपली माणसं निघतील.”

घरी येऊन बाई भावजयीला म्हणाल्या, “पाणी तापव गं. ढब्बू येतोय. आधी आंघोळ, मगच मिठ्या मारा.”

दोस्त सैन्य एकटेच हटले. खूण करायची आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. पुलावरची तुकडी खुणेची वाट पाहत राहिली आणि तिथेच संपली. भावाचा कमरपट्टा तेवढा घरी आला. बाईंनी भावजयीला सारे सांगितले. सरकारने मात्र चौकशी केली नाही. चूक बाहेर आली असती, तर एका तोंडाची दोन तोंडे झाली असती.

शोकसभेत मुले गमावल्याचे सांगताना अध्यक्षांनी पुन्हा तोच ‘आम्ही-आपण’चा शब्द वापरला. बाईंनी भाषांतर केले, “तुम्ही तुमची मुलं गमावलीत.”

पंतप्रधानांनी मान वळवली. “बाई, असं म्हणाले ते?”

“त्यांचा शब्द एकच आहे, साहेब.”

त्यानंतर बाईंना बोलावणे आले नाही. नणंद-भावजय त्याच दोन खोल्यांत राहिल्या. तापवलेल्या पाण्याचा विषय दोघींनीही पुन्हा काढला नाही.

१९५८ साली दोन्ही देशांनी मैत्रीचा करार नव्याने केला. त्या खोलीत दोन स्टुले होती, प्रत्येक खुर्चीमागे आपापल्या दुभाष्याचे एक.