मेक्सिकोची पूड आणि तपकिरी बरणी

ऐप्पसी हा आमचा पावसाचा महिना, त्यात आमच्या गावात काही कोरडं राहत नाही. मीठ पाझरतं, अप्पळम म्हणजे पापड वाकतात, काडेपेटी रुसते. माझं औषधांचं दुकान आहे, तेव्हा ओल ही माझी रोजची डोकेदुखी. म्हणून मुलीनं जेव्हा सांगितलं की ती घरी मेक्सिकन मसाला करणार आहे, तेव्हा मी तिला बाकी काही विचारलं नाही. ठेवणार कशात, एवढंच विचारलं.

ती चेन्नईची नोकरी सोडून घरी आली होती. महिला कॉलेजच्या रस्त्यावर एकानं नवीन खाण्याचं दुकान काढलं होतं. हा माणूस बरीच वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता आणि तिकडचे पदार्थ त्याला येत होते. राजमा, भात आणि मक्याची पोळी असा एक पदार्थ त्याला पोरींसाठी ठेवायचा होता, पण पाकिटातला मसाला त्याला पसंत नव्हता. मुलीनं त्याला सांगितलं, मसाला मी करून देते, पदार्थही मीच उभा करते. तो म्हणाला, कर. कार्तिगैच्या सणाचे दिवे झाले की मी नवीन पाटी लावणार, तोवर चव बसली तर तुझा पदार्थ पाटीवर.

चेन्नईच्या कंपनीनं तिची जागा तोवरच रिकामी ठेवली होती. पाटीवर नाव आलं तर ती राहणार, नाही तर परत जाणार. हे तिनं जेवताना सांगितलं आणि वर ताक मागून घेतलं. मी मत दिलं नाही. तिनं मागितलंही नव्हतं.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. पिढ्यान्‌पिढ्या इथे दक्षिणेतच असलेल्या मराठी घरांत जे मराठी बोलतात ते आम्ही बोलतो. पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून हसू येतं, म्हणून लिहिताना मी ते जरा सरळ करून घेते. सासूबाईंचं मात्र आहे तसंच ठेवते. आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण येत नाही. नवरा पापनाशम्‌च्या शाळेत शिकवतो, तिथल्या हॉटेलात लसणाची चटणी खातो आणि घरी शिरण्याआधी पान तोंडात टाकतो. सासूबाईंना हे ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही असं धरून सगळे चालतात, त्याही चालतात.

पहिला मसाला ऐप्पसीच्या आधीच्या महिन्यात, पुरट्टासीच्या कडक उन्हात झाला. लांब मिरची तिखटासाठी, ब्याडगी रंगासाठी, शिवाय जिरं, धणे आणि दालचिनीचा एक तुकडा. तिकडे मसाल्यात एक वाळवलेला पाला घालतात, तो इथे मिळतो पण महाग आणि शिळा. मुलीनं त्याजागी अंगणातला पानओवा घेतला. त्याची पानं जाड आणि रसाळ, उन्हात ती आधी काळी पडतात आणि मग वाळतात. तिनं ती सावलीत पंख्याखाली पसरली. मग मिरच्यांना धूर द्यायचा होता. गच्चीवर नारळाच्या करवंट्यांचे निखारे केले, वर जाळी ठेवली. थोड्याच वेळात अख्खी गल्ली शिंकायला लागली.

समोरच्या मामी ओट्यावरून ओरडल्या, "कोणाची दृष्ट काढताय गं? एवढ्या मिरच्या? राजघराण्याची काय?"

"माझीच," मुलगी वरून म्हणाली.

"मग माझ्या नातवाचीही काढून टाक. धूर तेवढाच लागेल."

कांद्याची आणि लसणाची पूड तिनं चेन्नईहून मागवली होती, चकचकीत बंद पाकिटांत. ती मागच्या पंपाच्या खोलीत ठेवली आणि मिसळायचं कामही तिथेच केलं. मिक्सीत वाटल्यावर पूड गरम होते. ती धोतराच्या जुन्या फडक्यावर पसरून पूर्ण निवू द्यावी लागते. गरम भरली की बरणीला आतून घाम फुटतो आणि आठवड्यात गठ्ठे होतात. हे सासूबाईंनी शिकवलेलं. बरणी मी दिली. जाड तपकिरी काच, झाकण घट्ट. उजेडानं औषधाचा रंग उडतो तसा मिरचीचाही उडतो. आतलं दिसत नाही, एवढाच तोटा.

ती बरणी दोन आठवडे कोठीत राहिली. मग मुलीनं दुकानात नेऊन राजमा केला. जहाजवाल्यानं चमचाभर खाल्ला, पुन्हा घेतला आणि म्हणाला, "हे चांगलं आहे मा. असंच पुन्हा करून आण. एकदा जमणं म्हणजे जमणं नव्हे."

दुसऱ्या वेळी ती काटकसरीला लागली. पाकिटाऐवजी लसूण आणून चकत्या केल्या आणि गच्चीच्या कोपऱ्यात वाळत घातल्या. वारा खाली वाहत होता. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"हे काय वास येतो?"

"अज्जी, माझ्या मसाल्यासाठी," मुलगी म्हणाली.

"त्या मेक्सिकोच्या पुडींत?"

"हो."

"बरं तर," म्हणाल्या आणि खाली गेल्या. ओरडल्या नाहीत. त्यांना ओरडायची गरज पडत नाही.

दुसरी बरणी तशीच तपकिरी, पण ही कोठीबाहेर पंपाच्या खोलीत राहिली. मी आत जलशोषक पुडी टाकली, गोळ्यांच्या डब्यात असते तसली. पूड सुटी राहिली, रंगही टिकला. जहाजवाल्यानं चाखलं आणि चमचा खाली ठेवला. मी त्या दिवशी सोबत होते.

"अक्का," तो मला म्हणाला, कारण मुलीकडे बघून सांगणं त्याला जड जात असावं, "पहिल्या वेळेला यात काहीतरी होतं. ते आता नाही."

"काय होतं?" मुलीनं विचारलं.

"ते मला ठाऊक असतं तर मीच नसता का केला? मागून एक चव यायची. मांसासारखी, पण मांसाची नाही. आता नुसतं मिरची-जिरं आहे. हे मला पाकिटात मिळतं."

घरी आल्यावर तिनं कारणं शोधायला सुरुवात केली. लसूण घरी वाळवली म्हणून. पानओवा पावसात नीट वाळला नाही म्हणून. करवंट्या ओल्या होत्या म्हणून. मला ओल खरी वाटत होती, कारण मला प्रत्येक गोष्टीत ओलच दिसते. ती चेन्नईच्या गाड्यांची वेळ बघायला लागली. बघू दिलं.

कारण सापडलं ते भांडी घासताना. पहिल्या बरणीत तळाशी थोडी पूड उरली होती. ती काढून बरणी धुवायची म्हणून मी उलटी करून आपटली, तर पुडीबरोबर खडे पडले. तपकिरी, चिकट, बोटाला तो वास. खड्याचा हिंग.

आमच्याकडे वर्षाच्या तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे टाकतात, कीड लागत नाही. ते काम सासूबाईंचं. त्यांचा हिंग मोठ्या रस्त्यावरच्या एकाच दुकानातून येतो, नरम ढेप. ती त्यांच्या सोवळ्याच्या कपाटात असते आणि त्या ती हातानं तोडतात. कोठीत नवीन पूड दिसली की त्या विचारत नाहीत, टाकतात.

मी खडे हातात घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या वाती वळत होत्या. मुलगी मागून आली आणि माझा पदर ओढायला लागली, कारण मी काय बोलणार ते तिला कळलं होतं.

"अम्मा, हिच्या पहिल्या बरणीत हिंग तुम्ही घातलात?"

"मग? कोण्ही पूड हिंगावांचून ठेवतो काय?"

"आणि दुसऱ्या बरणीत?"

"त्यांत लसूण. मी हात लावीन काय?"

"लसूण पहिल्यातही होती."

मुलीनं डोळे मिटले. सासूबाईंनी हातातली वात पूर्ण केली, तबकात ठेवली आणि दुसरी घेतली.

"तेव्हां मज ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "ठाऊक नव्हतं ते लागत नाही."

"आणि आता?"

"आतां ठाऊक झालं. तूंच सांगितलंस."

मुलगी मला म्हणाली, "झालं समाधान?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी गप्प राहिले असते तर तिसरी बरणी गुपचूप कोठीत ठेवता आली असती. पण औषधाच्या दुकानात बाटलीत काय आहे ते सांगूनच द्यावं लागतं, आणि ती सवय घरी सुटत नाही.

मुलगी बाजारात गेली आणि हिंग घेऊन आली. डबीतला, पिठासारखा. चमचाभर पुडीत मिसळून बघितला तर सांबारासारखा वास आला. मग ढेप आणली, दुसऱ्या दुकानातली. ती कडक, सुरीनंही तुटेना. सासूबाईंच्या कपाटाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आणि किती घालायचा ते त्यांना विचारलं तर उत्तर एकच, "बरणी पाहून."

त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो. नवऱ्यानं रसम्‌ वाढून घेतलं आणि मुलीला विचारलं, "मग गाडी कधीची?"

"अजून काढली नाही," ती म्हणाली.

सासूबाई आपल्या पाटावर वेगळ्या बसल्या होत्या. त्यांनी पानावर पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "रिकामी बरणी आण गे."

"काय, अज्जी?"

"रिकाम्या बरणींत लसूण नाही की. धुवून, वाळवून मज आणून दे. मी खालीं हिंग ठेवतें. मग त्यावर तूं काय भरतीस तें तुझं. मी पाहणार नाही."

नवरा हसला तेव्हा त्या त्याच्याकडे वळल्या. "तूं हसूं नकोस. तुझ्या पानाचा वास पापनाशम्‌पासून येतो."

तिसरा मसाला भर पावसात झाला. करवंट्या आदल्या दिवशी चुलीजवळ वाळवल्या. पानओवा मी माझ्या दुकानातल्या फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला जाळीवर ठेवला; तिथे तो चेन्नईच्या पाकिटाइतका कोरडा झाला. लसूण पुन्हा पाकिटातलीच घेतली, पहिल्यासारखी, म्हणजे फरक एकाच गोष्टीत राहील. मुलीला त्यात घरची लसूण हवी होती. मी म्हणाले, एका वेळी एकच बदल. तिनं ऐकलं, हे मला नवीन होतं.

बरणी गरम पाण्यात धुतली, दिवसभर दिव्याखाली उलटी ठेवली आणि सासूबाईंपुढे नेली. त्यांनी ती उचलून पाहिली, आत नाक घातलं, कपाट उघडलं. ढेपेतून खडे तोडून तळाशी दाबून बसवले, एकमेकांपासून लांब. वर केळीच्या वाळक्या पानाचा एक तुकडा ठेवला, जेणेकरून पूड थेट चिकटू नये. हा पानाचा तुकडा आम्हाला ठाऊकच नव्हता. पहिल्या वेळीही होता का, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं नाही.

निवलेली पूड मुलीनं पंपाच्या खोलीत भरली, आणि खरं काम मग सुरू झालं. ते म्हणजे बरणी न उघडणं. हिंगाला मुरायला वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी झाकण काढलं की वास बाहेर, ओल आत. मुलगी दिवसातून कितीदा पंपाच्या खोलीत जायची. शेवटी मी झाकणाला चिकटपट्टी लावली, बरणी दुकानात नेली आणि खोकल्याच्या औषधांच्या वरच्या फळीवर ठेवली. गिऱ्हाईक विचारायचं, ते काय? मी सांगायचे, ते विकायचं नाही.

कार्तिगैच्या आदल्या दिवशी ती बरणी घेऊन गेली. मी दुकान बंद करून सोबत गेले, कारण स्कूटरवर बरणी धरून बसायला कोणी हवं होतं. जहाजवाल्यानं चिकटपट्टी स्वतः काढली. झाकण उघडलं, वास घेतला. मुलीनं राजमा केला. त्यानं खाल्ला. आतल्या पोऱ्याला बोलावून त्याला खायला दिला. मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या नवीन पाटीसमोर जाऊन सगळ्यांत खालची रिकामी ओळ बोटानं मोजली.

"पदार्थाचं नाव काय लिहू?" त्यानं विचारलं.

मुलीनं नाव सांगितलं. तिच्या आवाजात फरक पडला नाही, हात मात्र ओट्याला धरून होता.

"आता तरी सांग, काय घातलंस?"

"ते विकायचं नाही," ती म्हणाली.

चेन्नईला तिनं त्याच दिवशी नकार कळवला. मी विचारलं, नीट विचार केलास ना? ती म्हणाली, तुझ्या दुकानात अशा बरण्या आणखी किती आहेत ते सांग.

दुसऱ्या दिवशी मी चार बरण्या धुऊन सासूबाईंपुढे ठेवल्या. त्यांनी एकेक उचलून नाकाशी धरली. तीन आत ठेवल्या. चौथी माझ्याकडे सरकवली.

"हिला वास आहे. पुन्हां धू."