ब्रूनोचा खोकला

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. इंग्रजी शाळेत शिकले, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असंच मानत आले... म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. पण माझी आत्या नातेवाइकांत माझ्याबद्दल जे सांगत फिरते, त्याला तोंडाने उत्तर देणं मला जमत नाही. लिहिता येतं.

आमचं घर नगरला, भिंगारच्या कॅम्पाजवळ. तीन खोल्या एकामागे एक – बैठक, स्वयंपाकघर आणि मागे सामानाची खोली. आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून घर आत्याच्या ताब्यात. दुसरं महायुद्ध चालू असताना माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, ऑफिसातले एक साहेब बदलून गेले आणि त्यांचा म्हातारा कुत्रा, ब्रूनो, आमच्याकडे राहिला. आत्याने त्याला मागच्या खोलीत एक पोतं दिलं. प्रेमबिम काही नाही.

ब्रूनो खोकायचा. कोरडा, खोल खोकला... शेवटी घशातून काहीतरी ओढून काढल्यासारखा. खोकून दमला की धप्पकन बसायचा आणि गळ्यातल्या पट्ट्याला लावलेला लायसनचा पितळी बिल्ला फरशीवर वाजायचा. कॅम्पातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली. म्हणाले, "हार्ट वाढलंय. छातीत पाणी साठतं, म्हणून खोकतो. कुणाला लागण व्हायची नाही."

"घोड्यांचा डॉक्टर तो! त्याला कुत्र्यातलं काय कळतंय?" आत्या म्हणाली. "क्षय आहे क्षय. शेजारीपाजारी म्हणतील, पोरगीच खोकते. मग कोण करून घेईल हिला?"

त्याच सुमारास शेवगावकडचं स्थळ आलं. मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. अण्णा म्हणाले, "त्यांनी पसंत केलं, तर कॉलेज राहू दे." मी काही बोलले नाही. मी बोलत नाहीच.

बिल्ला नसलेल्या कुत्र्यांना विषाचे लाडू घालायला कॅम्पाची माणसं यायची. ती आली त्या सकाळी आत्याने ब्रूनोचा पट्टा काढला आणि फाटक उघडं टाकलं. मी न्हाणीत होते. बाहेर आले तर दूधवाला दारात.

"ताई, तुमचं कुत्रं नाल्यापाशी पडलंय. लाडू खाल्ला त्यानं. ग्येलं."

"मी हात लावला नाही हो त्याला," आत्या म्हणाली. "पट्टा तेवढा धुवायला काढला होता."

पट्टा कोरडा होता. मी तो रुमालात गुंडाळून माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवला. ब्रूनोला दूधवाल्याने आणि मी नाल्याच्या काठी पुरलं. तेव्हा तो खरंच मेला होता का, असं कृपा करून कुणी विचारू नये.

त्याच आठवड्यात, भर दुपारी शेवगावचे पाहुणे मला बघायला आले. मी पोह्यांच्या बशा दिल्या आणि उभी राहिले. अण्णा, आत्या, सगळे बैठकीत. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आणि मागच्या खोलीतून खोकला आला. कोरडा, खोल. मग धप्प. मग फरशीवर पितळ...

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "आत कोन हाय?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"न्हाई कसं? बाईमानूस हाय. बांगड्या वाजल्या की!"

पुन्हा खोकला.

"ह्यो लई जुना खोकला हाय. आमच्या जावंला असाच हुता. वरीसभरात ग्येली."

आत्या ताडकन उठली आणि त्यांना घेऊन मागे गेली. दार ढकललं. पोतं, दोन डबे, केरसुणी. बस्स.

"मागल्या दारानं काढून दिली व्हय?" त्या बाई म्हणाल्या. "पोरीची आई मेली म्हनून सांगता, आन् कोंडून ठेवता!"

मागच्या दाराला आतून कडी होती. ती त्यांनी पाहिली नाही. मी पाहिली.

टांगा वळतो न वळतो तोच आत्या माझ्या अंगावर आली. "तूच खोकलीस, कॉलेजच्या नादापायी! घुमी कुठली!"

"अगं, ती माझ्यासमोर उभी होती," अण्णा म्हणाले. "तोंड मिटलेलं होतं तिचं."

"मग कोण खोकलं? सांग ना!"

मी ट्रंक उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं, पट्टा रुमालातच होता.

हे मी पुण्याहून, हॉस्टेलच्या खोलीतून लिहिते आहे. पट्टा इथेही माझ्याजवळ आहे. एकदाही वाजलेला नाही. त्या दुपारी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. आत्या मात्र अजून सांगते, पोरीने खोकून स्थळ घालवलं. मी खोकले असते तर आनंदाने कबूल केलं असतं.

मला ते सुचलंच नव्हतं.