दुसरा परिच्छेद

माझी मोठी बहीण दुसऱ्या बाळंतपणाला कराचीहून माहेरी, वसईच्या पाचूबंदरला आली, तेव्हा कराची परदेशात नव्हती. भावोजी तिथल्या बंदरात कामाला होते. सात वर्षांच्या मुलाची शाळा बुडू नये म्हणून तिने त्याला बापाजवळ ठेवलं. इकडे मुलगी झाली. ती रांगायला लागेपर्यंत दोन देश झाले आणि जाण्यायेण्याला परमिट लागू लागलं.

मग भावोजींचं पत्र आलं. सोबत इंग्रजीत टाइप केलेला कागद. यावर अंगठा करून पाठव, म्हणजे मुलाला आणून सोडतो, असं लिहिलं होतं.

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच.

"वाच रं सायबा," बहीण हसून म्हणाली. तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

"मोठ्यानं वाच," शेजारची काकी दारातून म्हणाली, "आमालापन कलू दे, येवडा शिकतो तो काय!"

पहिल्या परिच्छेदात मुलाचं नाव, वय, आईबापांची नावं होती. दुसरा म्हणजे एकच लांबलचक वाक्य. मी ते दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर समजलं नाही. पण आई, बहीण, काकी, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पोराला आणायचंच आहे."

तिने अंगठा उठवला.

मुलगा आला नाही. वर्षभराने भावोजींनी कळवलं, मी आता इथलाच नागरिक, मुलगा माझ्याकडेच राहील. सोबत त्या कागदाची नक्कल. ती घेऊन आम्ही वसईच्या एका वकिलांकडे गेलो.

"बाईंनी मुलाचा ताबा सोडलाय. पुन्हा मागणार नाही, असंही लिहून दिलंय," ते म्हणाले. "तसा इथला हुकूम तिथे बजावणार तरी कोण? पण निदान मागता आलं असतं. हे वाचून कोणी दाखवलं तुम्हाला?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. "कोनी नाय," ती म्हणाली.

परतताना मी तिला सांगितलं की मला ते तेव्हा समजलंच नव्हतं.

"मंग चर्चातल्या फादरना इचारायचं होतंस," ती म्हणाली.

पुढे वर्षाकाठी मुलाचं एखादं पत्र येई, इंग्रजीत. मी ओट्यावरच बसलेला असे. ती पत्र पदराखाली धरून चर्चच्या रस्त्याला लागे. परत येऊन आईला सांगे, तेव्हा मला कळे की तो आता उंच झालाय, आणि त्याला गणित आवडत नाही.